मानवी जीनोममधल्या पुनरावृत्त डीएनए खुणांचा नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोंधळातून निघालेले असतात. खूण, म्हणजे गुणसूत्रावरची ओळखता येणारी डीएनएची जागा (इंग्रजीत मार्कर), आणि ती ज्या जनुकाच्या शेजारी आहे ते जनुक, या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं जाईल. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे शेवटी घेतले आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुनरावृत्त डीएनए म्हणजे काय? आणि तो असतो तरी किती?

डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. मानवी जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएमध्ये, अशी ३०० कोटींहून अधिक अक्षरं ओळीने मांडलेली आहेत. त्यातला साधारण निम्मा मजकूर कुठल्या ना कुठल्या रूपात पुन्हा पुन्हा आलेला आहे. यात दोन जाती आहेत. पहिली विखुरलेली. उदाहरणार्थ, ‘अ‍ॅलू’ नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा दहा लाखांहून अधिक ठिकाणी सापडतो आणि एकट्याने जीनोमचा दहावा हिस्सा व्यापतो. दुसरी एकाला एक लागून येणारी, म्हणजे सीएसीएसीएसीए अशी.

नकाशासाठी प्रामुख्याने दुसरी जात कामाला येते. त्यातही एक ते सहा अक्षरांचा तुकडा काही वेळा लागोपाठ आलेला असतो ते मायक्रोसॅटेलाइट, म्हणजेच एसटीआर, सर्वांत उपयोगी. त्यांचा वाटा जीनोमच्या सुमारे ३ टक्केच आहे, पण ते सगळ्या गुणसूत्रांवर पसरलेले आहेत. खूण म्हणून वापरायला हे पसरलेलं असणंच महत्त्वाचं.

२. ‘सॅटेलाइट’ म्हणजे उपग्रह ना? त्याचा इथे काय संबंध?

सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए अतिशय वेगाने फिरवला की घनतेप्रमाणे त्याचे पट्टे पडतात. १९६० च्या दशकात असं दिसलं, की मुख्य पट्ट्याच्या बाजूला कधी कधी एक छोटा पट्टा वेगळा उभा राहतो. तो त्याचा उपग्रह. त्या पट्ट्यात लांबलचक पुनरावृत्तीचा डीएनए होता. पुढे त्याहून आखूड पुनरावृत्तींना मिनीसॅटेलाइट आणि अगदी आखूड असतील त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणू लागले. या धाकट्यांचा वेगळा पट्टा कधीच पडत नाही. नाव तेवढं थोरल्याकडून वारशाने आलं.

३. सीएसीएसीए जर हजारो ठिकाणी आहे, तर त्यातली नेमकी एक जागा कशी ओळखता?

पुनरावृत्तीवरून नाही, तिच्या शेजाऱ्यांवरून. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांना आपण कधी कधी सोबतच्या माणसांवरून ओळखतो, तसंच. पुनरावृत्तीच्या डाव्या-उजव्या बाजूला असा मजकूर असतो जो जीनोममध्ये दुसरीकडे कुठेच नाही. त्याला जुळणारे वीसेक अक्षरांचे दोन प्रायमर, म्हणजे तिथे जाऊन चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, तयार करायचे आणि पीसीआर या प्रती काढण्याच्या पद्धतीने मधला भाग लाखो पटींनी वाढवायचा. मग केशनलिकेतल्या विद्युतकण संचलनाने, म्हणजे विजेच्या ओढीने तुकडे बारीक नळीतून धावायला लावून, तुकड्याची लांबी मोजायची. चार अक्षरी पुनरावृत्ती एकदा जास्त असेल तर तुकडा चार अक्षरांनी लांब भरतो.

प्रत्येक माणसात त्या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. म्हणून निकालात दोन आकडे येतात, उदाहरणार्थ १२ आणि १५. दोन्ही प्रती सारख्याच असल्या तर एकच आकडा दिसतो. एकच आकडा दिसण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते फसवं आहे (प्रश्न १० पाहा).

प्रायमर चुकून अ‍ॅलूसारख्या विखुरलेल्या तुकड्यात बसला तर एकाच वेळी असंख्य जागा वाढतात आणि निकालाचा चिखल होतो. अशा जागा मार्कर म्हणून सरळ बाद करतात.

४. या नकाशावरचं अंतर कशात मोजतात? सेंटिमॉर्गन म्हणजे किती अक्षरं?

नकाशे दोन प्रकारचे आहेत. भौतिक नकाशात अंतर अक्षरांत मोजतात. जनुकीय नकाशात ते सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे दोन खुणा पुढच्या पिढीत जाताना किती वेळा एकमेकींपासून सुटतात त्यावरून मोजतात. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. शंभरात एकदा दोन खुणांची ताटातूट होत असेल तर त्यांच्यातलं अंतर १ सेंटिमॉर्गन. सरासरीने हे दहा लाख अक्षरांच्या आसपास येतं, पण या सरासरीवर फार विसंबू नये. गुणसूत्रबिंदूजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या चिमटलेल्या कमरेजवळ, लाखो अक्षरं जवळजवळ शून्य अंतरात दाटलेली असतात, तर इतरत्र काही हजार अक्षरांतच भरपूर अदलाबदल होते.

स्त्री आणि पुरुषांचे नकाशेही वेगळे असतात. आइसलँडमधल्या डीकोड कंपनीने २००२ साली ५,१३६ मायक्रोसॅटेलाइट वापरून काढलेल्या नकाशात स्त्रियांचा जीनोम सुमारे ४,४६० सेंटिमॉर्गन, तर पुरुषांचा सुमारे २,५९० भरला. अक्षरं तेवढीच, पण अंडपेशी घडताना अदलाबदल जास्त होते.

आणखी एक बारकावा. अंतर लांब असेल तर मधे दोनदा अदलाबदल होऊन दोन्ही खुणा पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीतून निसटतात. त्यासाठी गणिती दुरुस्ती करावी लागते. मानवी नकाशांत सर्रास वापरलं जाणारं असं एक सूत्र दा. ध. कोसंबी यांचं आहे. होय, प्राचीन भारताच्या इतिहासासाठी आपण ज्यांना ओळखतो तेच कोसंबी. मुळात ते गणिती होते. १९४४ साली आलेलं हे सूत्र नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही ‘कोसंबी’ या नावानेच निवडायला मिळतं.

५. नकाशा काढायला कुटुंबं कशाला लागतात? शंभर अनोळखी लोकांचे नमुने का चालत नाहीत?

ताटातूट झाली की नाही हे एका माणसाकडे बघून कळत नाही. आजी-आजोबांकडून कोणत्या खुणा एकत्र आल्या आणि नातवंडांत कोणत्या सुटल्या, हे तीन पिढ्या समोर असल्या तरच दिसतं. भावंडं जितकी जास्त तितकी मोजणी पक्की. म्हणून ज्याँ दोसे यांनी १९८४ मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या सेफ या केंद्राने मोठ्या कुटुंबांच्या पेशी जतन केल्या आणि त्यांचा डीएनए जगभरच्या प्रयोगशाळांना दिला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. सगळे एकाच कुटुंबांवर काम करत असल्यामुळे एकाचा मार्कर दुसऱ्याच्या नकाशात बसवता आला.

कुटुंब असलं तरी प्रत्येक मार्कर बोलका असतोच असं नाही. आईच्या दोन्ही प्रती १२-१२ असतील तर मुलाला तिच्याकडून कोणती मिळाली हे कळायला मार्ग नाही. ज्या जागी लोकसंख्येत दहा-बारा वेगवेगळ्या लांबी आढळतात, तिथे आई-वडील दोघंही विषमयुग्मजी, म्हणजे दोन वेगळ्या लांबीच्या प्रती असलेले, असण्याची शक्यता मोठी. मायक्रोसॅटेलाइटांनी बाजी मारली ती इथे.

दोन खुणा खरोखर शेजारी आहेत की योगायोगाने एकत्र आल्या, हे लॉड स्कोरवरून ठरवतात. स्कोर ३ म्हणजे ‘जवळ आहेत’ हे ‘जवळ नाहीत’पेक्षा हजार पटींनी संभाव्य. हा उंबरठा न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये सुचवला आणि तो टिकला.

६. या नकाशांची सुरुवात कधी झाली?

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्येच फळमाशीचा असा नकाशा काढला होता. माणसात अडचण खुणांचीच होती. १९८० मध्ये डेव्हिड बॉटस्टीन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की डीएनएमधले फरकच खुणा म्हणून वापरता येतील. पहिल्या खुणा पुनरावृत्तीच्या नव्हत्या. विकरं (एन्झाइम) डीएनए जिथे कापतात त्या जागांमधले ते फरक होते आणि प्रत्येक खुणेला बहुधा दोनच रूपं असायची. १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना मिनीसॅटेलाइटांतून डीएनए ठसा मिळाला. या खुणा विलक्षण बोलक्या होत्या, पण माणसात त्या गुणसूत्रांच्या टोकांकडे गर्दी करतात. मधला प्रदेश ओसाडच राहिला.

१९८९ साली जेम्स वेबर व पॉला मे आणि मायकेल लिट व जेफ्री लुटी या दोन जोड्यांनी सीए पुनरावृत्ती पीसीआरने मोजून दाखवल्या, आणि मग वेग आला. पॅरिसजवळच्या जेनेतों प्रयोगशाळेत ज्याँ वाइसनबाख यांच्या चमूने १९९२ मध्ये ८१४ मार्करांचा नकाशा काढला. १९९४ मध्ये मार्कर २,०६६ झाले आणि १९९६ मध्ये ५,२६४. शेवटच्या नकाशातलं सरासरी अंतर १.६ सेंटिमॉर्गन होतं. तो सगळा सेफच्या अवघ्या आठ कुटुंबांवर उभा होता.

७. आजाराशी जोडलेला मार्कर सापडला म्हणजे जनुक सापडलं ना?

नाही. मार्कर हा मैलाचा दगड. गाव जवळ आहे एवढंच तो सांगतो.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण पाहा. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या मदतीने १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जवळची खूण मिळाली. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं १९९३ मध्ये. दहा वर्षं गेली ती मधलं अंतर कापण्यात.

गोंधळ वाढतो तो पुढच्या वळणावर. सापडलेल्या जनुकातला दोष स्वतःच एक पुनरावृत्ती निघाला. सीएजी हा तुकडा ४० किंवा अधिक वेळा आला तर आजार होतोच. ३६ ते ३९ मध्ये होऊ शकतो. म्हणजे इथे पुनरावृत्ती ही रस्त्यावरची खूण नाही, ती गावच आहे. नाजूक एक्स (फ्रॅजाइल एक्स) या आनुवंशिक विकारात सीजीजी २०० हून जास्त वेळा येतो, तिथेही तसंच. पण असे आजार मोजके आहेत. नकाशातले हजारो मार्कर निव्वळ खुणा आहेत. ओळख पटवण्याच्या अहवालात तुमच्या एखाद्या मार्करपुढे १७ आकडा असेल, तर त्यावरून प्रकृतीबद्दल काही निष्कर्ष काढू नका.

८. डी८एस११७९ असली नावं कशी पडतात?

डी म्हणजे डीएनए, ८ हे गुणसूत्र, एस म्हणजे जीनोममध्ये एकदाच येणारी जागा आणि ११७९ हा नोंदीचा क्रमांक. क्रमांकाचा गुणसूत्रावरच्या स्थानाशी काही संबंध नाही. ११८० हा त्याचा शेजारी असेलच असं नाही. मार्कर जनुकाच्या आत असेल तर नाव जनुकावरून पडतं. अकराव्या गुणसूत्रावरचा टीएच०१ हा टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधला, म्हणजे जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या तुकड्यातला, आहे.

९. दोन अक्षरी चांगले की चार अक्षरी? आणि लांबी मुळात बदलते कशी?

पेशी डीएनएची नक्कल करताना पुनरावृत्तीच्या जागी नवा धागा जुन्यावरून घसरतो आणि एखादा तुकडा जास्तीचा लागतो किंवा गळतो. एकसारखे शब्द ओळीने शंभरदा लिहून काढताना आपली मोजणी चुकते, तशीच ही चूक. लोकसंख्येत वेगवेगळ्या लांबी साठल्या त्या अशाच घसरणीतून. खुणेला किंमत आली ती या घसरण्यामुळे आणि तिच्यातले जवळपास सगळे त्रासही त्याच्यातूनच निघतात.

पहिला त्रास परीक्षानळीतच. पीसीआरमधलं विकरही घसरतं, त्यामुळे यंत्राच्या आलेखात खऱ्या शिखराच्या आधी एका तुकड्याने आखूड असं छोटं शिखर उमटतं. दोन अक्षरी मार्करांत अशी शिखरांची उतरंडच लागते आणि शेजारचं दुसरं खरं शिखर तिच्यात हरवतं. चार अक्षरींत हा प्रकार बराच कमी. सीए पुनरावृत्ती जीनोममध्ये विपुल, म्हणून सुरुवातीचे नकाशे त्यांच्यावर झाले. गुन्हे तपासात मात्र जवळजवळ सगळे मार्कर चार अक्षरी आहेत. अमेरिकेच्या कोडिस या गुन्हे तपासाच्या डीएनए नोंद यंत्रणेत आधी १३ मार्कर होते, २०१७ च्या सुरुवातीपासून २० आहेत.

१०. मुलाचा एक मार्कर वडिलांशी जुळत नाही. म्हणजे ते वडील नाहीत का?

एकाच मार्करवरून असं ठरवत नाहीत. प्रश्न ९ मधली घसरण अंडपेशी आणि शुक्रपेशी घडतानाही होते. चार अक्षरी मार्करात एका पिढीत हजारात एकदा, हा अंदाज हिशेबाला पुरतो. वीस मार्कर तपासले तर पन्नासातल्या एका पालक-मूल जोडीत असा फरक निव्वळ उत्परिवर्तनाने दिसेल. वडिलांकडून येणाऱ्या प्रतीत तो आईकडच्यापेक्षा जास्त वेळा होतो. फरक एका तुकड्याचा, म्हणजे १४ च्या जागी १५ असेल, तर उत्परिवर्तनाची शक्यता अधिक. १४ च्या जागी १९ असेल तर भुवया उंचावतात.

दुसरं कारण मूक अ‍ॅलील. अ‍ॅलील म्हणजे एकाच जागेचं एक रूप, इथे एक लांबी. समजा वडिलांचा निकाल फक्त १२ आणि मुलाचा फक्त १५. वरवर पाहता हे नातं अशक्य वाटतं. पण प्रायमर बसतो त्या जागी एका अक्षराचा बदल असला तर ती प्रत वाढतच नाही, दिसत नाही. वडिलांकडे १२ आणि एक मूक प्रत, तीच मूक प्रत मुलाकडे गेली, आणि आईकडून १५ आला. प्रायमर बदलून पुन्हा तपासलं की लपलेली प्रत बाहेर येते. अनेक मार्करांत विसंगती आली तर मात्र गोष्ट वेगळी.

११. अहवालात ९.३ असा आकडा आहे. पुनरावृत्ती अपूर्णांकात कशी असेल?

हा दशांश नाही. नऊ पूर्ण तुकडे आणि वर तीन अक्षरं, असा त्याचा अर्थ. टीएच०१ मध्ये हे अ‍ॅलील नेहमी भेटतं. दहापैकी एका तुकड्यातलं एक अक्षर गळालेलं असतं. ९.३ आणि १० यांच्यात एका अक्षराचाच फरक असल्यामुळे मोजणीचं यंत्र चोख असावं लागतं.

१२. तोच नमुना, तोच मार्कर, पण दोन प्रयोगशाळांत लांबी वेगळी आली. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. प्रायमर वेगळ्या ठिकाणी बसवले की तुकड्याची एकूण लांबी बदलते. पीसीआरचं विकर टोकाला एक जास्तीचं ए अक्षर चिकटवतं, कधी सगळ्या प्रतींना, कधी थोड्यांनाच. शिवाय यंत्र लांबी थेट मोजत नाही, धावण्याच्या वेगावरून अंदाज बांधतं. म्हणून ओळखीच्या अ‍ॅलीलांची शिडी (लांबी आधीच माहीत असलेल्या तुकड्यांचा संच) किंवा ठरलेला संदर्भ नमुना प्रत्येक वेळी सोबत धावायला हवा. जुने आकडे नव्यांत मिसळण्याआधी हे तपासलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

१३. दोन प्रसिद्ध नकाशांत मार्करांचा क्रम किंवा अंतर जुळत नाही. कोणता खरा?

अंतराचा फरक असेल तर आधी चुकीच्या वाचनाचा संशय घ्या. एका मुलाचं एक अ‍ॅलील चुकीचं नोंदलं की संगणकाला तिथे लागोपाठ दोन अदलाबदली दिसतात आणि नकाशा उगाच लांबतो. एका अदलाबदलीच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. त्यामुळे दाट मार्करांच्या नकाशात अशी जोडी दिसली की जाणकार आधी कच्चा निकाल उघडून पाहतात.

क्रमाचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. प्रश्न ६ मधल्या आठ कुटुंबांत दोन मार्करांची एकदाही ताटातूट झाली नसेल तर कोण आधी, हे सांगता येत नाही. पण एक मजेदार अपवाद आहे. आठव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर (गुणसूत्रबिंदूच्या दोन बाजूंपैकी आखूड बाजूवर) सुमारे ४० लाख अक्षरांचा एक पट्टा काही माणसांत सुलटा, तर काहींत उलटा असतो. दोन्ही प्रकारची माणसं धडधाकट असतात. तिथे दोन्ही नकाशे खरे, माणसं वेगळी.

१४. वाय गुणसूत्रावरच्या मार्करांचा जनुकीय नकाशा का सापडत नाही?

कारण वायचा बहुतांश भाग कुणाशीच अदलाबदल करत नाही. ताटातूट नाही, म्हणून सेंटिमॉर्गनही नाहीत. तिथले मार्कर बापाकडून मुलाकडे गठ्ठ्यानेच जातात. त्यामुळे पितृवंश शोधायला ते उत्तम, पण त्यांची जागा भौतिक पद्धतीनेच ठरवावी लागते.

टोकाचा छोटा भाग याला अपवाद आहे. आखूड बाहूच्या टोकाशी सुमारे २७ लाख अक्षरांचा पट्टा एक्सशी जोडी जमवतो आणि पुरुषात तिथे अदलाबदल बहुधा होतेच. त्यामुळे एवढ्याशा जागेत पुरुषाचा नकाशा सुमारे ५० सेंटिमॉर्गन भरतो. स्त्रियांचा नकाशा लांब असतो हा प्रश्न ४ मधला नियम इथे उलटतो.

१५. आता सगळा जीनोम वाचता येतो, एका अक्षराचे लाखो फरक माहीत आहेत. मग या खुणा कालबाह्य झाल्या का?

नव्या जनुकीय नकाशांपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी हो. एका अक्षराचे फरक, म्हणजे एसएनपी, एकेकटे कमी बोलके, पण संख्येने अफाट आणि यंत्राने वाचायला सोपे. ओळख पटवणं आणि नाती तपासणं यांत मात्र एसटीआरच टिकून आहेत. साठवलेल्या सगळ्या नोंदी त्याच भाषेत असल्याने ती बदलणं परवडत नाही.

‘सगळा जीनोम वाचता येतो’ हेही जपून म्हणावं. २००३ मध्ये पूर्ण जाहीर झालेल्या जीनोममध्ये मोठ्या फटी होत्या, आणि त्या बहुतांशी पुनरावृत्तीच्याच जागी. शंभर-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून लाखो अक्षरं लांब पुनरावृत्ती जुळवता येत नाही. जिगसॉ कोड्यातल्या निरभ्र आकाशाचे तुकडे जुळवण्यासारखंच ते. गुणसूत्रबिंदूत १७१ अक्षरांचा अल्फा सॅटेलाइट हजारो वेळा येतो. लांब वाचन करणारी यंत्रं आल्यावर २०२२ मध्ये टीटूटी (टेलोमियर टू टेलोमियर, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत) या शास्त्रज्ञांच्या गटाने जवळपास २० कोटी अक्षरांची भर घालून फटी बुजवल्या. वाय गुणसूत्र पूर्ण झालं ते २०२३ मध्ये.

१६. शेजारचा मजकूरही दोन ठिकाणी सारखाच असेल तर?

मग प्रश्न ३ मधली युक्ती कोसळते. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळची डी४झेड४ ही पुनरावृत्ती. तिचा एकेक तुकडा सुमारे ३,३०० अक्षरांचा. निरोगी माणसात तो ११ पासून शंभरपर्यंत वेळा येतो. १ ते १० वर उतरला तर चेहरा, खांदे आणि दंडाचे स्नायू क्षीण करणारा विकार होऊ शकतो. इथे वाढ नाही, घट घातक आहे. प्रश्न ७ मधल्या उदाहरणांच्या नेमकं उलट.

अडचण अशी, की दहाव्या गुणसूत्राच्या टोकाला हीच पुनरावृत्ती जवळजवळ अक्षरशः तशीच आहे, आजूबाजूच्या मजकुरासकट, आणि तिथली घट सहसा निरुपद्रवी असते. नुसती लांबी मोजली तर दहाव्यावरची आखूड प्रत चौथ्यावरची समजून निरोगी माणसाला रुग्ण ठरवलं जाईल. म्हणून या तपासणीत साधा पीसीआर चालत नाही. दोन्ही गुणसूत्रांतले बारीक फरक ओळखणारी विकरं वापरतात किंवा अखंड लांब रेणूच वाचतात. चौथ्यावरचीच प्रत आखूड निघाली तरी तिच्या पलीकडचा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावं लागतं. तिथे दोन प्रकार आढळतात आणि विकार त्यातल्या एकाबरोबरच होतो.